सुटका झाली, मग दाराला कुलूप का?

प्रश्न : माझी बहीण २१ वर्षांची आहे. तिचे लग्न लवकर झाले, ते टिकले नाही आणि दोन वर्षांपासून ती आमच्याकडेच होती. शेजारच्या गावातील ओळखीच्या एका बाईंनी ठाण्याकडे एका दवाखान्यात आयाचे काम लावून देते असे सांगून तिला नेले आणि जाताना वडिलांच्या हातात उचल म्हणून १५ हजार रुपये दिले. महिनाभर फोन येत होते, नंतर ते बंद झाले. गेल्या महिन्याच्या १२ तारखेला पोलिसांचा फोन आला की लॉजवर छापा टाकून चार जणींची सुटका केली, त्यांत ती आहे आणि तिला महिला वसतिगृहात ठेवले आहे. आई आणि मी भेटायला गेलो. पंधरा मिनिटे भेट मिळाली. दाराला कुलूप होते आणि तिच्याकडे फोन नव्हता. 'मी काय गुन्हा केला?' एवढेच ती विचारत होती. न्यायालयाच्या आवारात एक वकील आपणहून भेटले. लॉजच्या मॅनेजरचेही काम तेच पाहतात. ४० हजार दिलेत तर आठवड्यात सोडवतो, असे ते म्हणाले. शिवाय तिच्या अंगावर कर्ज असल्याचे फोन आम्हाला येत आहेत आणि इतके दिवस चौकशी न करणारा तिचा नवरा आता 'मी नेतो' म्हणतो आहे. तिच्यावर गुन्हा आहे का? किती दिवस ठेवतील? तिने साक्ष द्यावी का? नाव वर्तमानपत्रात येईल का? तिच्या रक्ताची तपासणी झाली, तो अहवाल आम्ही मागावा का? आणि वडिलांनी घेतलेले पैसे सांगावेत की लपवावेत? आम्हाला तिला लवकरात लवकर घरी आणायचे आहे.
– एक भाऊ, लातूर जिल्हा

उत्तर : नमस्कार.

तुम्ही सहा प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या आधी तुमच्या बहिणीने विचारलेला एक प्रश्न तुमच्या पत्रात आहे आणि त्याचे उत्तर तिला अजून कोणी दिलेले दिसत नाही. म्हणून सुरुवात तिच्यापासून करते. तिने बहुधा कोणताही गुन्हा केलेला नाही. 'बहुधा' म्हणते, कारण प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत पाहिल्याशिवाय कोणत्याही वकिलाने याहून ठाम बोलू नये. ती प्रत मिळवणे हे तुमचे पहिले काम आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ही प्रत पीडितेलाही विनामूल्य मिळाली पाहिजे. तीत तुमच्या बहिणीचे नाव पीडित म्हणून आहे की आरोपी म्हणून, एवढे आधी पाहा. तिला जे सांगायचे ते त्यावरून ठरेल.

ज्या कायद्याखाली छापा पडला असेल, त्याचे नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि बातम्यांत त्याला 'पिटा' म्हणतात. या कायद्याने कुंटणखाना चालवणारा, त्यासाठी जागा देणारा, दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणारा, माणसे आणून पुरवणारा आणि त्यांना डांबून ठेवणारा हे सगळे गुन्हेगार ठरतात. खुद्द देहविक्री करणे हा मात्र या कायद्यात गुन्हा नाही, ही गोष्ट पुष्कळदा पोलिसांनाही आठवण करून द्यावी लागते. अडचण येते ती कलम ७ आणि ८ मुळे. सार्वजनिक ठिकाणाच्या आसपास देहविक्री करणे आणि गिऱ्हाईक हाकारणे यांबद्दल त्या बाईवरच गुन्हा दाखल होऊ शकतो. कलम ८ खाली तिला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे आणि हाच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. हा हिशेब कोणत्या न्यायाने बसवला, हे इतकी वर्षे वकिली करूनही मला उमगलेले नाही. लॉजच्या आत छापा घालून सोडवलेल्या बाईला कलम ८ लावण्याचे कारण सहसा नसते. तरी एफआयआरमध्ये ते तिच्या नावापुढे दिसले, तर तिच्या वकिलाला ते ताबडतोब दाखवा.

तुम्ही सरळ विचारलेले नाही, पण आणखी एक शंका तुमच्या पत्रात जाणवते : ती आपल्या पायांनी गेली, वडिलांनी होकार दिला, मग फसवणूक कशी सिद्ध होणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीची व्याख्या आहे. शोषणासाठी एखाद्या व्यक्तीला धाक, बळ, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशांचे आमिष यांपैकी कोणत्याही मार्गाने भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे हा तो गुन्हा आहे आणि त्याला सात ते दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पीडितेची संमती होती की नव्हती हे गुन्हा ठरवताना गैरलागू आहे, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. २०१३ च्या दुरुस्तीने हे शब्द जुन्या दंडसंहितेच्या कलम ३७० मध्ये आले आणि १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत आहेत. दवाखान्यातल्या कामाला दिलेला होकार हा लॉजवरच्या कामाला दिलेला होकार नव्हे, हे सामान्य माणसाला सांगावे लागत नाही. कायद्याने तर त्या वादाचे दारच बंद केले आहे. लॉजवरच्या छाप्यानंतर पुष्कळदा मॅनेजर आणि मालक यांच्यापाशीच तपास थांबतो आणि गावातून मुलगी नेणारी बाई मोकळी राहते. म्हणून एफआयआरमध्ये कलम १४३ आहे का आणि तुमच्या शेजारच्या गावातल्या त्या बाईंचा उल्लेख आहे का, हे मुद्दाम पाहा. पिटाच्या कलम ५ खालचा, माणूस आणून पुरवण्याचा, गुन्हा जिथून नेले तिथल्या न्यायालयातही चालू शकतो. तेव्हा तुमचे आणि आईचे जबाब, तिचे शेवटचे फोन कधी आले याच्या नोंदी, त्या बाईंचा क्रमांक, ही सगळी माहिती तपास अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

आता कुलपाविषयी, कारण तुमच्या मनाला खरी टोचणी त्याची आहे.

छाप्यात सोडवलेल्या व्यक्तीला ताबडतोब दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे असते. ज्यांच्यापुढे न्यायचे त्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेणे शक्य नसेल तर ताबडतोब जवळच्या कोणत्याही दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे लागते. ते तिला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश करू शकतात, पण त्या आदेशाच्या तारखेपासून दहा दिवसांहून अधिक नाही. पुढे पिटाच्या कलम १७ च्या पोटकलम २ प्रमाणे दंडाधिकारी चौकशी करतात : पोलिसांनी दिलेली माहिती खरी आहे का, हिचे वय काय, आईवडील, पालक किंवा नवरा हिला सांभाळण्यास योग्य आहेत का आणि घरची परिस्थिती कशी आहे. हे काम सहसा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरकडे, सोपवले जाते. ही चौकशी चालू असताना तिला ठेवण्याचा जो आदेश होतो, त्याच्या तारखेपासून तीन आठवडे, एवढीच त्या ताब्याची कमाल मुदत आहे. चौकशीनंतर हिला काळजीची आणि संरक्षणाची गरज आहे अशी दंडाधिकाऱ्यांची खात्री पटली, तर ते पोटकलम ४ खाली तिला संरक्षणगृहात किंवा कारणे नोंदवून दुसऱ्या योग्य ताब्यात, एक ते तीन वर्षे ठेवण्याचा आदेश करू शकतात. हा आदेश 'करू शकतात' असा आहे, केलाच पाहिजे असा नाही. त्याआधी, शक्य असेल तर तीन स्त्रियांचा समावेश असलेल्या पाच प्रतिष्ठित व्यक्तींच्या मंडळाचे साहाय्य घेण्याची तरतूद पोटकलम ५ मध्ये आहे आणि आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते.

छापा १२ तारखेला पडला, म्हणजे हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत ते तीन आठवडे संपत आले असतील किंवा संपलेही असतील. म्हणून दंडाधिकाऱ्यांचा ताब्याचा आदेश कोणत्या तारखेचा आहे आणि त्यानंतर पोटकलम ४ चा आदेश झाला आहे का, हे न्यायालयाच्या कार्यालयातून काढा. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. मुदत उलटूनही पुढचा आदेश झालेला नसेल, तर तिला आत ठेवण्यास कोणता आधार उरला, हा प्रश्न तिच्या वकिलाने लेखी अर्जानेच विचारला पाहिजे. वसतिगृहाच्या अधीक्षिकांशी भांडून उपयोग नाही. त्या न्यायालयाच्या आदेशाशिवाय दार उघडू शकत नाहीत.

या कलमाबद्दलचे माझे मत मी लपवत नाही. हा कायदा मुळात 'स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराचे दमन' अशा नावाने आला आणि १९८६ मध्ये त्याचे नाव बदलले, पण सोडवलेल्या बाईचे 'चारित्र्य आणि पूर्वेतिहास' तपासायला सांगणारे शब्द कलम १७ मध्ये अजून आहेत. जिच्यावर अन्याय झाला तिचेच चारित्र्य तपासायचे आणि तिलाच कुलपाआड ठेवायचे, ही १९५६ सालची सुधारगृहाची दृष्टी आहे. घरफोडी झाली म्हणून कोणी घरमालकाला वर्षभर वसतिगृहात ठेवत नाही. न्यायालयांनी अलीकडे ही दृष्टी बरीच ताळ्यावर आणली आहे आणि तुमच्या कामाचे दोन आदेश त्यांतलेच आहेत.

पहिला मुंबई उच्च न्यायालयाचा, २४ सप्टेंबर २०२० चा, न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांचा. मुंबईत छाप्यात सोडवलेल्या वीस ते तेवीस वर्षे वयाच्या तीन तरुणींचा ताबा त्यांच्या आयांना नाकारून, दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभरासाठी उत्तर प्रदेशातील वसतिगृहात ठेवण्याचा आदेश दिला होता. त्यांच्या समाजात मुलींना या व्यवसायात घालण्याची रूढी आहे, हे त्यामागचे एक कारण होते. सत्र न्यायालयाने तो कायम ठेवला. उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. या कायद्याने देहविक्री हा स्वतः गुन्हा ठरत नाही आणि त्या तिघी सज्ञान असल्याने कोठे राहायचे, कोठे जायचे आणि कोणते काम करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. अटकाव करण्यापूर्वी त्यांची इच्छा विचारात घ्यायला हवी होती, हा त्यातला मुद्दा तुमच्या बहिणीच्या अर्जात आला पाहिजे.

दुसरा सर्वोच्च न्यायालयाचा, बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणातील १९ मे २०२२ चा आदेश. पिटाखालील संरक्षणगृहांची पाहणी करावी आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे तपासून ठरावीक मुदतीत त्यांच्या सुटकेची कार्यवाही करावी, असे त्यात राज्यांना सांगितले आहे. छाप्यात सोडवलेल्या असोत वा अटक झालेल्या, या स्त्रियांची ओळख प्रसिद्ध होणार नाही याची माध्यमांनी दक्षता घ्यावी, असेही त्यात आहे. तुमच्या नावाविषयीच्या काळजीला हा एक आधार. दुसरा असा की लॉजवर तिच्यावर जबरदस्ती झाल्याने बलात्काराचे कलम लागले असेल, तर तिची ओळख उघड करणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तरीही कोणी छायाचित्र किंवा नाव फिरवलेच, तर त्याचा पुरावा म्हणून पडद्याचे चित्र जपून ठेवा, पण ते कोणालाही पुढे पाठवू नका, नातेवाइकांच्या गटावर तर मुळीच नाही.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीला मात्र मी तुमच्या मनात शत्रू करू इच्छित नाही. सोडवलेल्या मुलींना 'आई', 'मावशी' आणि 'नवरा' म्हणून न्यायला येणारी माणसे प्रत्यक्षात दलालांची असतात आणि आठवड्याभरात मुलगी दुसऱ्या शहरातल्या लॉजवर दिसते, असे घडते. कलम १७-अ याच भीतीने लिहिले गेले : आईवडील, पालक किंवा नवऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी ते खरे आहेत का आणि सांभाळू शकतात का, याची मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेकडून चौकशी करून खात्री करून घेण्याची मुभा दंडाधिकाऱ्यांना आहे. या यादीत भावाचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. म्हणून मुख्य अर्ज तुमच्या बहिणीच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने असावा आणि सोबत आईचे प्रतिज्ञापत्र जोडावे. शिधापत्रिका, आधार, आईचे नाव असलेला तिचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचा पुरावा आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला तयार ठेवा. रहिवासी दाखला मागताना तो कशासाठी हवा, हे ग्रामसेवकाला सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही; न्यायालयीन कामासाठी, एवढे पुरे.

नवऱ्याचे नाव मात्र यादीत आहे आणि म्हणूनच तो आता उगवला असेल तर सावध राहिले पाहिजे. ती दोन वर्षे माहेरी आहे, का आहे आणि त्याच्यासोबत जायची तिची इच्छा आहे की नाही, हे तिने स्वतः परिविक्षा अधिकाऱ्यांना सांगावे. तो खरोखर पश्चात्तापाने आला आहे की त्याला कोणी पाठवले आहे, याचा अंदाज मला इथे बसून बांधता येणार नाही. तुम्हीही तो घाईने बांधू नका.

गृहचौकशीला कोणी घरी आले तर १५ हजारांचे काय सांगायचे? खरे ते सांगायचे. लपवलेली उचल त्या बाईंच्या किंवा मॅनेजरच्या तोंडून बाहेर पडली, तर 'घरच्यांनीच पाठवली' असा तिचा अर्थ लावला जाईल आणि तुमचे घर अयोग्य ठरण्याला तेवढे कारण पुरेल. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या आणि घरकामाच्या मजुरीत उचल घेणे आपल्याकडे इतके रुळलेले आहे की वडिलांना त्यात वावगे वाटले नाही, हे मी समजू शकते. तस्करीच्या गुन्ह्यात शोषणाचा हेतू लागतो आणि दवाखान्यातल्या पगाराची आगाऊ रक्कम समजून पैसे घेणाऱ्या बापाचा तो हेतू नव्हता, हे सांगता येते. उलट, ते पैसे कोणी, कधी, कोणासमोर दिले हा त्या बाईंविरुद्धचा चांगला पुरावा आहे. फक्त क्रम पाळा : वडिलांनी आधी विनामूल्य वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला सगळे सांगावे आणि त्यानंतर वकिलाच्या सल्ल्याने जबाब द्यावा.

आवारात भेटलेल्या त्या वकिलांना एक रुपयाही देऊ नका. जो कुंटणखान्याच्या चालकाचा किंवा दलालाचा वकील आहे, त्याने त्याच खटल्यात सोडवलेल्या पीडितांच्या वतीने उभे राहायचे नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर २००२ मध्येच बजावले आहे. याचे कारण उघड आहे. मॅनेजरला सोडवायचे तर तुमच्या बहिणीने 'मी खुशीने आले, मला कोणी आणले नाही' असे म्हणणे त्यांना हवे असते, आणि त्यासाठी तिला लवकर बाहेर काढून कोणाच्या तरी हातात देणे ही त्यातली पहिली पायरी असते. ४० हजार तुम्ही द्यायचे आणि फायदा मॅनेजरचा. हे वकील परत भेटले तर ही गोष्ट तुमच्या वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांच्या कानावर घाला.

तुमच्या बहिणीचा वकील विनामूल्य मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मानवी तस्करीची पीडित व्यक्ती वेगळी नमूद केलेली आहे आणि स्त्रियाही वेगळ्या नमूद आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. ज्या जिल्ह्यात खटला आहे तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात, म्हणजे बहुधा जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच, साध्या कागदावर अर्ज द्या. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही वाट विचारता येते. फुकटचा वकील काय लढणार, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. विधी सेवेचे काम मन लावून करणारे वकील मी पाहिले आहेत आणि तारखेला न फिरकणारेही पाहिले आहेत. नेमलेले वकील लक्ष देत नसतील तर सचिवांकडे लेखी तक्रार करून बदलून मागता येतात.

कर्जाचे फोन येतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. ज्याने तिला डांबले, त्याला तिच्याकडून दागिने, कपडे किंवा कथित कर्ज वसूल करण्यासाठी कोणताही दावा किंवा खटला करता येत नाही, असे पिटाच्या कलम ६ मध्येच लिहिले आहे. इतकेच काय, पैशांसाठी न्यायालयात खेचण्याची धमकी देणे हे तिला डांबून ठेवल्याचे गृहीत धरण्याचे एक कारण ठरते. फोनवर वाद घालू नका, 'थोडे थोडे देतो' तर चुकूनही म्हणू नका. क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेवा, ध्वनिमुद्रण झाले तर उत्तम, आणि ते तपास अधिकाऱ्याला द्या. छाप्यात तिचा फोन, रोकड किंवा कानातले मुद्देमाल म्हणून जप्त झाले असतील तर ते तिचे आहेत. परत मिळण्यासाठी तिच्या वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा लागेल आणि तो तिने स्वतः सांगितलेल्या यादीप्रमाणे असावा.

साक्षीबद्दल तुम्हाला वेगवेगळी माणसे वेगवेगळे सांगतील. तिची वसतिगृहातून सुटका आणि मॅनेजरविरुद्धचा खटला ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. साक्ष देण्याचे कबूल केल्याशिवाय सोडणार नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला कायद्यात आधार नाही. खटला उभा राहिल्यावर तिला साक्षीदार म्हणून समन्स आले तर मात्र ते टाळता येत नाही, हेही तिला आजच कळलेले बरे. दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब नोंदवला गेला असेल तर त्यात काय आहे, ते तिच्या वकिलाने पाहावे. भीती वाटत असेल तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी महेंदर चावला प्रकरणात देशभर लागू केली. तिच्याखाली जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची सोय असल्याने, लातूरच्या न्यायालयातून साक्ष देऊ द्यावी अशी विनंतीही करून ठेवा. आरोपीच्या समोर, त्याच व्हरांड्यात तासन्‌तास बसण्यापेक्षा ते बरे. समन्सचा पत्ता म्हणून वकिलांचा पत्ता द्यावा, म्हणजे गणवेशातला हवालदार घर विचारत गल्लीभर फिरणार नाही.

नुकसानभरपाईचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो विचारण्यासारखा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली पीडितेला राज्याच्या योजनेतून भरपाई मिळू शकते. त्यासाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. आरोपी सापडला नाही तरीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची आहे. तातडीचे अंतरिम साहाय्यही मागता येते. हे पैसे तिच्या नावाच्या, तिच्याच ताब्यातल्या खात्यात जावेत. वडिलांच्या खात्याचा क्रमांक अर्जावर लिहू नका, कितीही सोयीचे वाटले तरी.

रक्ततपासणीचा अहवाल मागू नका. तो तिचा आहे. एचआयव्हीची चाचणी २०१७ च्या कायद्यानुसार तिला समजावून आणि तिच्या संमतीनेच करता येते आणि निकालाची गोपनीयता पाळणे बंधनकारक आहे. चाचणीपूर्वी तिला विचारले होते का, एवढे तिच्या वकिलाने जाणून घ्यावे. औषधोपचाराची गरज असेल तर ती स्वतः कोणाला सांगायचे ते ठरवेल आणि ते आईला सांगेल, कदाचित तुम्हाला नाही.

यावरूनच मी तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी येते. आम्हाला तिला घरी आणायचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तिला काय हवे आहे, हे संपूर्ण पत्रात कुठे नाही. पंधरा मिनिटांच्या भेटीत आणि त्या रडण्यात ते विचारायचे राहून गेले असेल, त्यात तुमचा दोष नाही. पण दंडाधिकारी तिला हेच विचारतील किंवा विचारायला हवे आणि तिचे उत्तर तिचे स्वतःचे असायला हवे. तिला घरीच यायचे असेल तर वरचे सगळे त्यासाठीच आहे. गावात, त्या बाईंच्या शेजारी, लगेच परतणे तिला नको असेल, तर मावशीकडे, दुसऱ्या शहरात, किंवा काही महिने शक्ती सदनात राहून एखादे काम शिकण्याचा मार्गही आहे. पूर्वी तस्करीतून सोडवलेल्या स्त्रियांसाठीच्या उज्ज्वला योजनेतून चालणारी गृहे आता या नावाखाली आली आहेत. पिटाच्या कलम १९ प्रमाणे ती स्वतः अर्ज करून संरक्षणगृहात राहण्याची परवानगी मागू शकते. बाहेरून ते तसेच कुलूप दिसेल, पण स्वतः मागितलेल्या आसऱ्यातून बाहेर पडायचे कधी, हे पुन्हा तिला मागता येते.

पुढच्या भेटीला आईला एकटीला आत जाऊ द्या. जाण्यापूर्वी अधीक्षिकांना फोन करून भेटीचा वार, वेळ आणि कोणत्या वस्तू आत नेता येतात ते विचारा. तिचे कपडे, चप्पल, आधारची छायाप्रत आणि विधी सेवेच्या अर्जाचा तिच्या सहीसाठी भरून ठेवलेला कागद आईकडे द्या. तो कागद सही करण्यापूर्वी तिला वाचून दाखवायला सांगा आणि एफआयआरची प्रत तोपर्यंत हाती आली असेल तर तिचे नाव ज्या रकान्यात आहे, तो रकाना आईने बोट ठेवून तिला दाखवावा.